हिरवळीतून हद्दपार झालेले त्रिदल

अमेरिकेच्या ईशान्येकडील एखाद्या उपनगरात जूनच्या आरंभी सायंकाळी पायी फिरावयास निघालेल्या मनुष्यास रस्त्याच्या दुतर्फा घरांपुढे दोन भिन्न प्रकारच्या हिरवळी आढळतात. पहिली अशी की, जिच्यात गवताखेरीज अन्य कोणत्याही वनस्पतीस मज्जाव असून जिचे प्रत्येक पाते आठवड्याच्या आठवड्यास एकाच उंचीवर छाटले जाते. आणि दुसरी, अलीकडे संख्येने वाढत चाललेली, जिच्यात गवताच्या पात्यांमधून तीन-तीन दलांची पाने पसरलेली असतात, पांढऱ्या फुलांचे बोराएवढे गेंद वर डोकावत असतात आणि त्यांवर मधमाश्यांची अखंड ये-जा चालू असते. या दुसऱ्या हिरवळीतील त्रिदल वनस्पती म्हणजे पांढरे क्लोव्हर. आपल्याकडील दूधधंदा करणारा शेतकरी चाऱ्यासाठी जे बरसीम लावतो त्याचे हे सख्खे भावंड, आणि लसूणघास व मेथी ही त्याच्या चुलत घराण्यातील मंडळी. गवत काढून त्याच्या जागी क्लोव्हर पेरण्याची ही टूम आज एखाद्या नव्या शोधाप्रमाणे सांगितली जाते. वस्तुस्थिती अशी आहे की दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकेत हिरवळीसाठी विकल्या जाणाऱ्या बियाण्यात क्लोव्हरचे बी मिसळलेले असणे हा सर्वसाधारण रिवाज होता, आणि ते नसते तर गिऱ्हाइकानेच तक्रार केली असती. त्यास हिरवळीतून हद्दपार व्हावे लागले ते एका औषधाच्या आंधळेपणामुळे, आणि त्या हद्दपारीचे समर्थन मागाहून व्यापाराच्या दप्तरात तयार झाले, असे माझे मत आहे.

हिरवळ ही मूळची श्रीमंतांची मिरास. अठराव्या शतकात लान्सलॉट ब्राउन याने इंग्लंडातील उमरावांच्या वाड्यांभोवतीची आखीव उद्याने मोडून तेथे नजर पोचेल तिथवर कुरणे पसरून दिली, आणि ती कुरणे आखूड राखण्याचे काम एकीकडे मेंढ्यांनी व दुसरीकडे पहाटेच्या दंवात लांब दांड्याचे विळे घेऊन उतरणाऱ्या मजुरांच्या तांड्यांनी केले. जमीन आहे, पण तिच्यात काही पिकविण्याची गरज नाही, ही त्या हिरवळीने केलेली दवंडी होती. तिला मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणले एडविन बडिंग याने. ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउडच्या परिसरात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या, आणि विणलेल्या कापडावर उभे राहिलेले तंतू समपातळीत कातरण्यासाठी तेथे पाती बसविलेला फिरता लाट वापरीत. तोच लाट चाकांवर चढवून जमिनीवरून ढकलला तर गवतही तसेच कातरले जाईल हे बडिंगच्या ध्यानात आले आणि १८३० साली त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. अमेरिकेने ही कल्पना उचलली आणि तिला नीतीचे अधिष्ठान दिले. फ्रेडरिक लॉ ओमस्टेड याने १८६९ मध्ये शिकागोजवळ रिव्हरसाइड ही वसाहत आखताना प्रत्येक घर रस्त्यापासून तीस फूट मागे बांधण्याची अट घातली, आणि पुढल्याच वर्षी फ्रँक स्कॉट या लेखकाने उपनगरीय अंगणाच्या शोभेवर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध करून असे प्रतिपादन केले की, आपले अंगण कुंपणाआड दडविणे हे शेजारधर्मास सोडून आहे. कुंपणे गेली, अंगणास अंगण भिडले, आणि ज्याचे गवत वाढले त्याची अब्रू सर्व आळीच्या देखत जाऊ लागली.

महायुद्ध संपल्यावर १९४७ पासून न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन नावाची सहस्रावधी घरांची वसाहत उभी राहिली, तेव्हा जे आजवर लोकलज्जेवर सोडलेले होते ते कागदावर आले. घर घेणाऱ्याकडून ज्या शर्ती कबूल करून घेतल्या जात त्यांत कुंपण न घालण्याची एक होती आणि हंगामात दर आठवड्यास गवत कापण्याची दुसरी. त्याच कागदात, गोऱ्या वंशाखेरीज अन्य कोणास हे घर राहावयास देता येणार नाही, असेही एक कलम होते. गवतातील सरमिसळ आणि वस्तीतील सरमिसळ या दोहोंची धास्ती एकाच करारनाम्यात शेजारी-शेजारी बसावी हा निव्वळ योगायोग होता की काय, याचा निवाडा वाचकांनी करावा.

क्लोव्हरच्या दैवात मात्र याच सुमारास दुसरी एक घटना लिहिली गेली. युद्धकाळात इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत गुप्तपणे चाललेल्या संशोधनातून एक रसायन हाती आले होते. आपल्याकडे ऊस, गहू आणि ज्वारी पिकविणारा शेतकरी त्यास ‘टू-फोर-डी’ या नावाने चांगला ओळखतो. वनस्पतीच्या शरीरात वाढीचे नियमन करणारे जे संप्रेरक असते त्याचे सोंग हे रसायन घेते. परिणामी रुंद पानाची वनस्पती बेसुमार व वेडीवाकडी वाढू लागते, तिचे देठ पिळवटतात, पाने वळतात आणि त्या उधळपट्टीतच तिचा अंत होतो. गवताच्या कुळातील वनस्पती, मग तो ऊस असो की अंगणातील हिरवळ, त्यातून बहुधा सुखरूप सुटतात. पिकाला धक्का न लावता तण मारणारे औषध म्हणून शेतीत त्याने मोठीच क्रांती केली हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्याला रुंद पान आहे ते सारे त्याच्या लेखी सारखेच. म्हणून तर उसावर ते फवारणारा शेतकरी वाऱ्याची दिशा पाहतो, कारण शेजारच्या वावरातील कापसावर किंवा द्राक्षाच्या बागेवर त्याचे चार तुषार गेले तरी पाने आकसून पंज्यासारखी होतात आणि पुढे बांधावर पंचायत बसते. १९४५ पासून हे रसायन अमेरिकेत घरगुती वापरासाठी बाजारात आले. डँडेलियन नावाचे तण मारावयास ते फवारावे, तर त्याबरोबर क्लोव्हरही मरे. आता औषध मागे घेणे व्यापाऱ्यास परवडण्याजोगे नव्हते, म्हणून क्लोव्हरचीच गणना तणांत झाली. आणि क्लोव्हर गेल्यामुळे जमिनीला जे नत्र फुकट मिळत होते ते बंद पडल्यावर ती उणीव भरून काढणारे खतही त्याच दुकानात, बहुधा त्याच फळीवर, विकावयास ठेवलेले होते.

ते नत्र क्लोव्हर कोठून आणते हे पाहावयाचे असेल तर एक रोप मातीच्या ढेकळासकट उपटून पाण्यात अलगद धुवावे. केसांसारख्या बारीक मुळांवर मोहरीहून लहान, फिकट अशा गाठी दिसतात. त्यांतील एखादी नखाने फोडली असता आत गुलाबी रंग आढळला तर गाठ कामावर आहे असे समजावे, आणि हिरवट-करडा आढळला तर तिचे आयुष्य संपले. तो गुलाबीपणा आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या जातीच्याच एका द्रव्याचा असून गाठीच्या आत वस्ती करून राहिलेल्या जीवाणूंना बेताचाच प्राणवायू मिळावा ही त्याची कामगिरी. हवेत नत्राचा वाटा शेकडा अठ्ठ्याहत्तर आहे, पण कोणत्याही वनस्पतीस तो सरळ उचलता येत नाही; हे जीवाणू तो उचलून तिच्या उपयोगी पडेल अशा स्वरूपात आणून देतात आणि मोबदल्यात तिच्याकडून साखर घेतात. हर्मान हेलरीगेल व हर्मान विल्फार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ मध्ये या व्यवहाराचा उलगडा केला. महाराष्ट्रातील शेतकऱ्यास तो नवा वाटू नये. हरभरा किंवा भुईमूग पेरण्यापूर्वी गुळाचे पाणी उकळून, थंड करून, त्यात रायझोबियमचे पाकीट कालवून ते बियाण्याला चोळण्याची आणि मग बी सावलीत सुकविण्याची जी बीजप्रक्रिया तो करतो ती याच जीवाणूंसाठी. चांगल्या कुरणातील क्लोव्हर हेक्टरी शंभर किलो किंवा त्याहूनही अधिक नत्र वर्षाकाठी हवेतून उतरवते, आणि न्यूझीलंडचा दुधाचा धंदा कित्येक पिढ्या मुख्यत्वे याच पुंजीवर चालला.

फुलाचीही रचना न्याहाळण्यासारखी आहे. आपण ज्यास एक फूल म्हणतो तो गेंद वस्तुतः पन्नास-साठ चिमुकल्या फुलांचा समुदाय असतो. ती खालून वर क्रमाक्रमाने उमलतात, आणि मधमाशी ज्याला भेट देऊन गेली ते फूल हळूहळू कोमेजून तपकिरी होते व देठाशी वाकून खाली लोंबू लागते. त्यामुळे गेंदाकडे नुसते पाहिले तरी कोणत्या फुलांचे काम झाले आणि कोणती अद्याप पाहुण्याची वाट पाहत आहेत याचा सगळा जमाखर्च डोळ्यांपुढे येतो. मधमाशीविना क्लोव्हरचे किती अडते याचा हिशेब चार्ल्स डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात देऊन ठेवला आहे: पांढऱ्या क्लोव्हरच्या वीस गेंदांपासून त्याला २,२९० बिया मिळाल्या, आणि माश्यांपासून झाकून ठेवलेल्या दुसऱ्या वीस गेंदांपासून एकही नाही. तांबड्या क्लोव्हरला तर मोठा भुंगाच लागतो. भुंग्यांची घरटी उंदीर उद्ध्वस्त करतात आणि उंदरांना मांजरे आवरतात, तेव्हा गावातील मांजरांच्या संख्येवर शेतातील क्लोव्हरचे भवितव्य अवलंबून असू शकेल, ही डार्विनची उपपत्ती त्या काळी पुष्कळ गाजली. न्यूझीलंडमध्ये तांबड्या क्लोव्हरचे पीक उत्तम येई, पण बी पुरेसे धरेना. १८८५ मध्ये इंग्लंडहून भुंगे आणून सोडले तेव्हा कोठे बियाण्याचा प्रश्न सुटला.

इकडे एकजिनसी गवताचा अंमल अमेरिकेवर पुरता बसला. उपग्रहाच्या साहाय्याने केलेली आणि २००५ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी सांगते की, त्या देशात हिरवळीखालील क्षेत्र १,६३,००० चौरस किलोमीटरच्या घरात आहे. म्हणजे ३,०७,७१३ चौरस किलोमीटरच्या आपल्या सबंध महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक जमीन, आणि तीही जिच्यावर गाय चरत नाही, की जिच्यातून दाणा निघत नाही. पाणी देऊन वाढविल्या जाणाऱ्या मक्याच्या तिप्पट ते क्षेत्र भरते. तेथील पर्यावरण खात्याच्या अंदाजाप्रमाणे बागा व हिरवळींच्या शिंपणात दररोज ९०० कोटी गॅलनांच्या आसपास पाणी जाते. वाळवंटात वसलेल्या लास व्हेगासला हा खेळ परवडेना. तेथील पाणीखात्याने प्रथम गवत काढणाऱ्यास चौरस फुटामागे रोख रक्कम देण्याची तजवीज केली, आणि पुढे नेव्हाडा राज्याने २०२१ साली कायदाच केला की, ज्यावरून कोणी चालत नाही, ज्यावर कोणी खेळत नाही, अशा रस्त्याकडेच्या व कचेऱ्यांपुढच्या शोभेच्या गवताला २०२७ पासून कोलोराडो नदीचे पाणी मिळणार नाही. त्याच वर्षी मेरिलँड राज्याने गृहसंस्थांचा, सभासदावर गवताचीच हिरवळ लादण्याचा अधिकार काढून घेतला. मिनेसोटाने त्याआधीच, २०१९ मध्ये, घरापुढे क्लोव्हर व रानफुले लावणाऱ्या रहिवाशांना अनुदान देण्याची योजना सुरू केली होती. मिनियापोलिसच्या सार्वजनिक उद्यानांतील हिरवळींत फुललेल्या क्लोव्हरवर तेथील विद्यापीठाच्या अभ्यासकांना मधमाशीवर्गातील माश्यांच्या पन्नासहून अधिक जाती आढळल्या आहेत.

गवताचे संपूर्ण उच्चाटन करून नुसते क्लोव्हर लावावे असे जे उत्साही लोक सांगतात त्यांच्याशी माझे जमत नाही. क्लोव्हरची मुळे उथळ. थंडी कडक पडली की पाने जमिनीस मिळतात आणि वसंतापर्यंत अंगण उघडे, चिखलाचे दिसते. मुले जेथे रोज चेंडू खेळतात तेथे ते पुरते चेंगरते, गुडघ्याला हिरवे डाग पाडते, आणि ओले असताना पाय घसरवते. फुलांच्या दिवसांत अनवाणी चालणाऱ्यास माशी डसण्याचा संभव असतो, आणि ज्या घरात कोणाला दंशाने घेरी येत असेल तेथे ही हौस करूच नये. शिवाय ते अमेरिकेचे मूळ रहिवासी नाही. युरोपातून गेलेल्या वसाहतकारांबरोबर तेही गेले, आणि तेथील मूळच्या माश्यांपैकी ज्यांचे पोट विशिष्ट देशी फुलांवरच भरते त्यांचे क्लोव्हरने भागत नाही. तेव्हा शहाणपणाचा मार्ग मिश्रणाचा. आखूड वाढणाऱ्या फेस्क्यू गवतात पांढरे क्लोव्हर, जांभळ्या तुऱ्यांची प्रुनेला आणि जमिनीलगत पसरणारी ओव्याच्या वासाची थाइम असे मिश्रण तिकडे आता पुष्कळ जण पेरतात. क्लोव्हरचे बी इतके बारीक की एका किलोत पंधरा लाखांच्या आसपास दाणे बसतात. म्हणून ते वाळूत कालवून फोकावे लागते. हिवाळ्याच्या अखेरीस, जमीन रात्री गोठते आणि दुपारी सैल होते अशा दिवसांत, जुन्या गवतावरच बी फोकून देण्याची एक युक्ती तेथील शेतकऱ्यांत रूढ आहे: मातीचे ते आकुंचन-प्रसरणच बियांना खाली ओढून घेते आणि नांगर-कुदळीस हात लावावा लागत नाही. त्यानंतर यंत्राचे पाते तीन इंचांवर ठेवणे आणि तणनाशकाची बाटली घरातून काढून टाकणे, एवढीच काय ती मेहनत उरते.

तणनाशक थांबले की क्लोव्हरच्या पाठोपाठ बिनबोलावलेले इतर पाहुणेही येतात, आणि येथे आपल्या मराठी माणसाचा या विषयाशी खरा संबंध जुळतो. न्यू जर्सीच्या एखाद्या उपनगरात मराठी घरातील आजी मुलाकडे सहा महिने राहावयास जाते, अंगणाच्या कडेला पदपथाच्या भेगेतून वर आलेले जाड, लालसर देठांचे, मांसल पानांचे एक रोप तिला दिसते, आणि ती म्हणते, “अरे, ही तर घोळ!” सुनेला ती भाजी माहीत नसते, मुलाला ती उपटून फेकण्याचे पैसे माळ्याला दिल्याचे आठवते. थोडे पुढे वाफ्याच्या काठाला पानांवर पांढुरकी भुकटी असलेला चाकवत उभा असतो, आणि त्याच्या पलीकडे माठाचा भाऊबंद. ही तिन्ही तेथील तणांच्या यादीत वरच्या क्रमांकाची, आणि तिन्ही आपल्या स्वयंपाकघरातील जुनी मानकरी: घोळीची डाळ घालून केलेली पातळ भाजी, ताकातला चाकवत, लसणाच्या फोडणीचा माठ. उत्साहाच्या भरात दोन गोष्टी मात्र विसरू नयेत. ज्या जमिनीवर गेल्या एक-दोन वर्षांत औषध फवारले आहे, किंवा जेथे कुत्री फिरावयास आणतात, तेथील पान तोंडात घालू नये. आणि घोळीसारखीच जमिनीवर पसरणारी दुधीच्या वंशातील एक विषारी वनस्पती त्याच भेगांत वाढते, तिची खूण अशी की देठ मोडला असता पांढरा चीक येतो. घोळ मोडली तर स्वच्छ पाणी सुटते. आजी ही परीक्षा नकळत करते, सुनेने ती शिकून घ्यावी.

पुण्या-नाशिकच्या बंगल्यांत आणि गृहसंकुलांत हीच चळवळ आणावी काय, असा प्रश्न साहजिक आहे. कारण आपल्याकडेही ‘मेक्सिकन’ अथवा ‘कार्पेट’ गवताचे चौरस गालिचे विकत आणून अंथरण्याची पद्धत रूढ झाली आहे, आणि एप्रिलमध्ये पिण्याच्या पाण्यासाठी टँकर मागविणाऱ्या सोसायटीतही प्रवेशद्वाराजवळच्या त्या गालिच्यावर सकाळ-सायंकाळ नळी सोडलेली असते. परंतु पांढरे क्लोव्हर हे थंड हवेचे पीक आहे. थंडीत पेरले तर उगवेल, होळीपर्यंत तगेल आणि देशावरच्या उन्हाळ्यात जळून जाईल. त्याची आयात करण्याचे कारणही नाही. पावसाळ्यात कोणतेही मोकळे मैदान गुडघे टेकून पाहिले तर गवताच्या मुळाशी तिळाएवढ्या गुलाबी-जांभळ्या फुलांची, तीन इवल्या दलांची रानमेथी पसरलेली आढळते. ती क्लोव्हरच्याच शेंगावर्गीय कुळातील, मुळावर तशाच गाठी बाळगणारी, आणि पायाखाली तुडवली तरी टिकणारी आहे. तिच्याशी आंबुशीची गल्लत करू नये. तिचीही दले तीनच, पण ती बदामी आकाराची, चवीला आंबट, फूल पिवळे, आणि नत्राच्या कामी तिचा उपयोग नाही. ओलसर जागी जलपिंपळी उत्तम पसरते. तिच्याच एका सुधारित वाणाची कॅलिफोर्नियात पाणी वाचविणारी हिरवळ म्हणून आज विक्री होते. आणि जी दूर्वा आपण भाद्रपदात एकवीस-एकवीसच्या जुड्यांनी गणपतीला वाहतो व एरवी हरळी म्हणून शेतातून खणून काढताना घामाघूम होतो, ती तर जॉर्जिया-टेक्सासकडील उष्ण प्रांतांत हिरवळीचे मुख्य गवत होऊन बसली आहे. उन्हाळ्यात ती पिवळी पडते, मरत नाही, आणि मृगाच्या पहिल्या सरीनंतर आठ-दहा दिवसांत पुन्हा हिरवी होते.

तेव्हा ज्यास आपल्या अंगणात हा प्रयोग करावयाचा असेल त्याने विकतचा गालिचा उन्हाळ्यात पाण्याविना जाऊ द्यावा, जूनमध्ये त्या जागी दूर्वेचे कोंब टोचावेत, रानमेथी व जलपिंपळी आपण होऊन येतील तेथे राखावीत, न आल्यास जवळच्या माळावरून मातीसकट चार ठोंब आणून लावावेत, आणि श्रावण-भाद्रपदापर्यंत कापणीचे यंत्र बाहेर काढू नये. रोपवाटिकेत झटपट पसरणारी म्हणून वेडेलिया नावाची पिवळ्या फुलांची वेल पुढे करतात. ती घेऊ नये, कारण ती एकदा मुरली की दुसऱ्या कोणासही जागा ठेवत नाही. गाजरगवत दिसेल तेव्हा हातमोजे घालून, फुलावर येण्याच्या आत, मुळासकट उपटावे.